आईची वाटणी

पुनावळ्यात माझ्या आईला नावाने हाक मारणारी माणसं थोडीच होती. बाकी सगळ्या गावाची ती माई. घरातल्या नातवंडांची आजी, आणि गेल्या काही वर्षांत भोवती उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमधल्या मुलांचीसुद्धा आजीच. ती गेल्यावर भेटायला आलेली माणसं तिचा खणखणीत आवाज आठवत होती, तिच्या हातची वांग्याची भाजी आठवत होती. मला सगळ्यात आधी आठवते ती तिची वाटणी.

काहीही घरात आलं की आई त्याचे वाटे करायची, तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पहिली गवार निघाली की भावकीत, शेजारी आणि वस्तीवरच्या एकट्या म्हातारीकडे वानवळा जायचा, मगच आमच्या चुलीवर भाजी चढायची. दुधावरची साय भावाच्या आणि आम्हा बहिणींच्या वाटीत सारखीच पडायची. "पोराला जरा जास्त घाल की," असं एखादी शेजारीण म्हणालीच, तर आई फटकन विचारायची, "का? पोरींची पोटं काय उसनी आणलीत?"

वडील पिंपरीच्या एका कारखान्यात पाळीवर जात. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे आकुर्डी, भोसरी, चिंचवडपर्यंत कारखाने पसरत गेले. तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या घराघरांत हीच रीत पडली: गडी कंपनीत आणि बाई शेतात. नांगरटीला गडी सांगणं, खुरपणीला बायका गोळा करणं, पाण्याच्या पाळीसाठी रात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणं, हे सगळं आईच बघायची. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून ती पाटी डोक्यावर घ्यायची आणि चिंचवड-पिंपरीच्या मंडईत जायची. शाळा तिने फार पाहिली नव्हती, पण तोंडी हिशोबात तिला कुणी फसवू शकलं नाही. आलेल्या पैशांतून आधी आमच्या वह्या-पुस्तकांचे पैसे बाजूला पडत, मग खताचे.

१९९७ साली पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. पलीकडे हिंजवडीला आयटी पार्क वाढत गेलं, देहूरोड-कात्रज बाह्यवळण मार्ग गावाला खेटून गेला, आणि ज्या जमिनीकडे पूर्वी कुणी ढुंकून बघत नव्हतं तिचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला. त्याच सुमाराला वडील वारले. सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं, भावाचं आणि आम्हा दोघी बहिणींचं नाव लागलं. काही दिवसांतच नात्यातली वडीलधारी माणसं घरी आली. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. घरोघरी तसंच चालत आलं होतं. सही केली नाही तर माहेर तुटतं, असं आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी तर सही करायची अशी मनाची तयारीच केली होती.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत ती म्हणाली, "पोरी सह्या करायच्या न्हाईत." मग पहिल्यांदाच तिने तिची स्वतःची गोष्ट सांगितली. तिच्या वडिलांच्या पश्चात तिला गाडीत बसवून कचेरीत नेलं होतं. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. अंगठा घेतला, साडीचोळी दिली आणि परत आणून सोडलं. "माझ्या भावांवर माझी माया हाय," ती म्हणाली, "पण मला कुणी इचारलं न्हाई, ते अजून डाचतं."

कायद्याने तिला केव्हाच हिस्सा दिला होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या मालमत्तेत लेकीही वारस ठरतात, आणि २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला जन्मापासून मुलाइतका हक्क मिळाला. पण कायदा कागदावर असतो आणि सही बाईकडून घेतली जाते. त्या दोहोंच्या मध्ये उभं राहणारं माणूस घरात लागतं. आमच्या घरात आई उभी राहिली.

भाऊ दुखावला. त्या दिवाळीत भाऊबीजेला तो शेतावर जाऊन बसला. आईने ओवाळणीचं ताट आमच्या हातात दिलं आणि आम्हाला तिकडेच धाडलं. बांधावर बसलेल्या भावाला आम्ही ओवाळलं. तो काही बोलला नाही, पण जेवायला आमच्याबरोबर घरी आला. पुढे जमिनीचा काही भाग विकसनाला दिला तेव्हा कागदावर चौघांच्या सह्या झाल्या आणि चौघांना हिस्सा मिळाला. माहेर तुटलं नाही. उलट, कुणाच्या मनात काही राहिलं नाही म्हणून ते टिकलं.

नातवंडांच्या काळात आई आणखी मोकळी झाली. नातीच्या स्कूटरवर मागे बसून ती बाजारात जायची. पुनावळ्याच्या भुयारी मार्गात गाड्या अडकल्या की खाली उतरून हातवारे करत वाट करून द्यायची, आणि मोठमोठ्या गाड्यांतली माणसं तिचं ऐकायची. मोबाइलवर फोटो पाठवायला ती नातवाकडून शिकली. मग दुधीला फूल आलं तरी फोटो यायचा.

गावात कचरा डेपो होणार म्हणून २०२३ साली लोक रस्त्यावर उतरले. गावातले आणि सोसायट्यांतले पहिल्यांदाच इतके एकत्र आले. गुडघे दुखत असूनही आई नातीचा हात धरून गेली. सोसायटीतल्या एका बाईने कौतुकाने विचारलं, "आजी, तुम्ही कशाला त्रास घेतला?" आई म्हणाली, "कचरा समद्यांचा, मग वास एकाच्याच दारात का? त्याचीबी वाटणी करा की." डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी डेपो रद्द झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा आईने शेजारच्या सगळ्या घरांत गूळ-शेंगदाणे वाटले.

शेवटच्या आजारपणात ती फार दिवस अंथरुणाला खिळून नव्हती. भाऊ तिच्या उशाशी बसून असायचा. मागच्या महिन्यात त्याने स्वतःचं मृत्युपत्र केलं, त्यात मुलाबरोबर मुलीचाही सारखा हिस्सा लिहिला. त्याला कुणी सांगायला गेलं नव्हतं.

आमच्या या पट्ट्यात आज जमिनीचे व्यवहार रोज होतात आणि रोज कुठल्या तरी लेकीपुढे सहीसाठी कागद येतो. द्यायचं असेल तर तिने आनंदाने द्यावं, भावासाठी सोडायलाही काही हरकत नाही. पण आधी कागद वाचावा, न कळलेलं विचारावं आणि मगच ठरवावं. आणि त्या घरातल्या आईने तेव्हा तिच्या शेजारी उभं राहावं. माझी आई राहिली होती, म्हणून मी हे खात्रीने सांगते.