वेगाची थरथर, भाराची थरथर

‘हायवेला नव्वद-शंभरच्या पुढे पाय दाबला की गाडी थरथरते.’ ही तक्रार घेऊन येणारा माणूस निम्मं निदान स्वतःच करून आलेला असतो. त्याला ते ठाऊक नसतं आणि बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही. त्या वाक्यात वेग आहे, तसं पाय दाबणंही आहे. जॉबकार्डवर मात्र एकच शब्द उतरतो, ‘व्हायब्रेशन’, आणि तिथून गाडीची वरात निघते. आधी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, तरी फरक नाही म्हणून पुढचे टायर मागे, त्यानंतर कुणीतरी इंजिन फाउंडेशन सुचवतो, आणि शेवटी ‘या मॉडेलला एवढं असतंच’ असं सांगून चावी हातात दिली जाते. माझं म्हणणं साधं आहे. थरथर कुठे जाणवते यापेक्षा ती कशाने येते आणि काय केलं की जाते, हे आधी ठरवावं. वेगाने येणारी थरथर आणि भाराने येणारी थरथर यांची घराणी वेगळी आहेत. ही वाटणी झाल्याशिवाय पाना हातात घेणं म्हणजे ग्राहकाच्या पैशाने अंदाज बांधणं. याला एकच अपवाद, तो म्हणजे चाकाचे नट. ते घट्ट आहेत ना आणि टायरला कुठे फुगा आलेला नाही ना, हे ट्रायलला निघण्यापूर्वीच पाहायचं. त्यात निदानाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

वेगाची थरथर समजायला सोपी. आपल्याकडच्या बऱ्याच मोटारींच्या टायरचा घेर १.९५ मीटरच्या आसपास असतो. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक राहिला असेल, तर या वेगाला ते ३० ग्रॅम साडेचार किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात, आणि तेही दर फेरीला. ५० च्या वेगाला हाच जोर एक किलोच्या थोडा वर, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय चाक आणि सस्पेंशन मिळून जी एक स्वाभाविक लय असते तीही सेकंदाला दहा-पंधरा झोक्यांच्या घरातली. म्हणून गावात गप्प असलेली गाडी ऐंशीला स्टिअरिंग हलवू लागते आणि कधीकधी एकशेवीसला पुन्हा शांत होते. यात पाय दाबलाय की उचललाय याने फारसा फरक पडत नाही. गाडी न्यूट्रलला टाकली तरी चाक तेवढंच फिरत असतं आणि थरथर तेवढीच राहते. बॅलन्सिंगच्या कामातही घाई नडते. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीचं चाक काढून आतल्या बाजूने पाहावं. रिमच्या कोपऱ्यात तांबड्या मातीचा थर वाळून दगडासारखा बसलेला दिसतो. तो न खरवडता चाक मशीनवर चढवलं, तर मशीन बिचारं इमानदारीने त्या मातीच्या समोर शिसं लावायला सांगतं. पुढच्या धुण्यात माती गळते आणि शिसं राहतं.

भाराची थरथर या हिशेबात बसत नाही. पाय दाबला की येते, पाय उचलला की त्याच क्षणी जाते, आणि काटा मात्र अजून शंभरावरच असतो. चाकाचा दोष इतक्या पटकन विझू शकत नाही. तेव्हा बदललं काय, तर चाकाकडे जाणारा पीळ. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हा पीळ ड्राइव्ह शाफ्टमधून, म्हणजे गॅरेजच्या बोलीतल्या ॲक्सलमधून जातो. शाफ्टच्या दोन टोकांना दोन जॉइंट. चाकाकडचा आउटर बिघडला की पूर्ण वळणावर टकटक वाजतो आणि सगळ्यांना कळतो. गिअरबॉक्सकडचा इनर वाजत नाही, तो नुसता हलवतो. बहुतेक गाड्यांत तो ट्रायपॉड जातीचा असतो. तीन पायांवर तीन रोलर, आणि ते ज्यांत मागेपुढे सरकतात अशा कपातल्या तीन खोबण्या. शाफ्ट कोनात असताना प्रत्येक रोलर दर फेरीला खोबणीत थोडा पुढे, थोडा मागे जातो. खोबणी गुळगुळीत असेल तर कुणाला पत्ता लागत नाही. पण गाडीची उंची रोज तीच, शाफ्टचा कोन तोच, त्यामुळे रोलर खोबणीच्या ठरावीक बोटभर लांबीवरच घासत राहतो आणि रोजच्या बैलगाडीने पाडलेल्या चाकोरीसारखी तिथे खाच पडते. पीळ वाढला की रोलर त्या खाचेच्या काठावर अडखळतो आणि शाफ्टला आडवा धक्का देतो. तीन रोलर, म्हणून फेरीला तीन धक्के. शंभरच्या वेगाला चाकाचे १४, तर याचे ४२-४३. हातात येणारी कंपनंही वेगळी असतात. स्टिअरिंग डावं-उजवं नाचण्यापेक्षा गाडीचं अंगच आडवं शहारतं.

पाय उचलताच हे का थांबतं, याचं उत्तरही त्याच कपात आहे. ओढताना रोलर खोबणीच्या एका भिंतीला दाबले जातात, इंजिन गाडीला रोखत असताना दुसऱ्या भिंतीला. गाडीचं बहुतेक आयुष्य ओढण्यात जातं, म्हणून झिजलेली असते ती पहिली भिंत. पाय उचलला की रोलर कोऱ्या भिंतीवर जातात. शिवाय रेस दिली की गाडी नाक वर उचलते, पुढचं सस्पेंशन सुटं होतं, इंजिन फाउंडेशनवर पीळ खाऊन कलतं, आणि या सगळ्यामुळे शाफ्टचा कोन वाढतो. झिजलेली भिंत, वाढलेला पीळ आणि वाढलेला कोन ही तिन्ही एकाच वेळी जमतात, आणि ती वेळ असते पाय दाबण्याची. कप उघडल्यावर पुरावा डोळ्यांपेक्षा नखाला आधी मिळतो. ग्रीस पुसून खोबणीच्या भिंतीवरून अंगठ्याचं नख हळू फिरवायचं. चकाकी सगळीकडे सारखीच दिसते, पण नख एका जागी अडतं. समोरच्या भिंतीवर ते सरळ निघून जातं.

महाराष्ट्रातल्या मेकॅनिकला ही वाटणी करायला दोन उत्तम रस्ते मिळाले आहेत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा घाट घ्या. तिथे मोटारींना वेगाची मर्यादा ६० ची, पण गाडीला दम लागतो. म्हणजे वेग कमी, भार जास्त. साठला चाक सेकंदाला जेमतेम साडेआठ फेऱ्या घेतं, त्यामुळे बॅलन्सिंगचा दोष तिथे तोंड मिटून असतो. इनर जॉइंट मात्र चढावर बोलतो. उलट नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर सपाट भागात १२० ची परवानगी आहे. तिथे पाय हलका ठेवून, किंवा थोडा उतार पाहून पाय पूर्ण उचलून गाडी सोडली, तर वेग जास्त आणि भार नगण्य. घाटात शहारणारी आणि समृद्धीवर पाय उचलताच शांत होणारी गाडी बॅलन्सिंगवाल्याकडे नेण्याचं कारण नाही. न्यूट्रलचा प्रयोग सपाट, सरळ आणि रिकाम्या रस्त्यावरच करावा. घाटाच्या उतारावर कधीही नाही. ऑटोमॅटिकमध्ये तर तो नकोच, नुसता पाय उचलला तरी पुरतं. आणि जमेल तर चालवायला दुसरा माणूस घ्यावा. गाडी चालवणाऱ्याचं निम्मं लक्ष आरशात असतं, निदानाला पूर्ण लक्ष लागतं.

यावर धंद्यातली माणसं म्हणतील की हे पुस्तकी झालं. बॅलन्सिंगला काही शे रुपये लागतात, ॲक्सलला काही हजार. आधी स्वस्त काम करून पाहिलं तर बिघडलं काय? आणि दहा गाड्यांत बहुतेकींचा दोष चाकातच निघतो की. दुसरं म्हणणं मला मान्य आहे. नुसती ‘शंभरला थरथरते’ एवढीच तक्रार असेल तर मीही चाकापासूनच सुरुवात करीन. पण ग्राहकाने ‘पाय दाबला की’ हे शब्द जोडले की शक्यतांचं पारडं फिरतं, आणि आधीच्या नऊ गाड्यांचा अनुभव या दहावीला लागू पडत नाही. पहिल्या म्हणण्याबद्दल सांगायचं तर स्वस्त काम फुकट नसतं. चाकात पाच-दहा ग्रॅमचा फरक जवळपास सगळ्याच गाड्यांत सापडतो. तो काढला की थरथर थोडी सौम्य होते, ग्राहक समाधानाने जातो, इनर जॉइंट आणखी काही महिने झिजतो, आणि परत आल्यावर ‘बॅलन्सिंगने फरक पडला होता’ ही साक्ष फाईलला लागलेली असते. पुढचा मेकॅनिक तीच धरून टायर बदलायला लावतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वेग आणि भार रस्त्यावर असे स्वच्छ वेगळे होतातच कुठे? शंभरला गाडी एकसारखी धावत असली तरी इंजिन हवेशी झुंजतच असतं, शाफ्टवर पीळ असतोच. शिवाय लोअर आर्मचं बुश सैल झालं असेल तर रेस देताच चाक जागचं सरकतं, आणि एरवी झाकलेला चाकाचा लहानसा दोष तेव्हा बाहेर पडतो. अशा वेळी दोन अर्धे दोष मिळून एक पूर्ण तक्रार तयार करतात. हे खरं आहे आणि म्हणूनच एका ट्रायलवर निकाल देऊ नये. इंजिनची बाजू तर वेगळीच तपासावी लागते. मिसिंग मारणारी गाडीही भारावरच थरथरते, कारण सिलेंडरमधला दाब वाढला की प्लगला ठिणगी टाकायला जास्त व्होल्टेज लागतं आणि दमलेली कॉइल तेव्हाच हात टेकते. चार स्ट्रोकच्या इंजिनात ३००० आरपीएमला एक सिलेंडर गळाला तर सेकंदाला २५ हिसके बसतात. साठच्या वेगाला झिजलेला इनर जॉइंटही पंचवीस-सव्वीसच देतो. अंगाला दोन्ही सारखेच लागतील. इथे गिअर कामाला येतो. वेग तोच ठेवून पाचव्यातून चौथ्यात यावं. थरथरीची लय बदलली तर ती इंजिनची, तीच राहिली तर शाफ्टची किंवा चाकाची. सांगायचा मुद्दा हा की वाटणी स्वच्छ नाही म्हणून ती करूच नये असं नाही. एकाऐवजी तीन-चार प्रश्न विचारावे लागतात, इतकंच.

हल्ली तिसरा आक्षेप स्कॅनरचा असतो. मिसफायर मोजायला स्कॅनरसारखं साधन नाही, त्यात वाद नाही. पण इनर जॉइंटच्या कपात सेन्सर बसवलेला नसतो, त्यामुळे त्याच्या झिजेचा कोड कधी येणारही नाही. ‘स्कॅनरला काही दिसत नाही’ याचा अर्थ गाडी निर्दोष असा घेणं ही नवी अंधश्रद्धा आहे. उलट खिशातला मोबाईल जास्त उपयोगी. हादरे मोजणारं ॲप लावून फोन सीटच्या लोखंडी रुळाला घट्ट बांधला की सेकंदाला किती हादरे बसतात याचा ढोबळ आकडा मिळतो. १४ च्या आसपास आला तर चाक, त्याच्या तिप्पट आला तर ट्रायपॉड. फक्त काँक्रीटच्या रस्त्यावर सांधे मध्ये बोलतात, तेव्हा लेन बदलून किंवा डांबरी रस्त्यावर पुन्हा पाहावं. काही जण हायवेला जायचा कंटाळा म्हणून गाडी लिफ्टवर उचलून गिअरमध्ये पळवतात. हे धोक्याचं आहेच, शिवाय फसवंही. चाकं लोंबकळत असल्यामुळे शाफ्टचा कोन भलताच होतो आणि चांगला जॉइंटही थरथरतो.

मागची चाकं ढकलणाऱ्या गाड्यांत संशयित बदलतात, पद्धत तीच राहते. बोलेरो, ईको यांच्या पोटाखालून प्रोपेलर शाफ्ट जातो. तो चाकाच्या जवळपास चौपट वेगाने फिरतो, आणि त्याचा क्रॉस कोनात असला की दर फेरीला दोनदा हिसका देतो. शाफ्टच्या दोन टोकांचे फोर्क एका रेषेत असले तर हे दोन हिसके एकमेकांना खातात. खोलताना खूण न करता शाफ्ट काढला आणि एक दात चुकवून परत बसवला, की क्रॉस नवा असूनही गाडी थरथरते. अँबेसेडर-पद्मिनीवर हात बसलेल्या पिढीला खूण करणं सांगावं लागत नसे. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढची चाकं ओढणारी गाडी घराघरांत पोचली, तशी ही सवय पातळ झाली. आता तर नावावरूनही भरवसा नाही. इनोव्हा क्रिस्टाला मागची चाकं ढकलतात, हायक्रॉसला पुढची ओढतात. वाकून गाडीखाली पाहिल्याशिवाय निदानाला बसूच नये.

दोष इनर जॉइंटचा ठरला तरी काम शाफ्ट बदलून संपत नाही. खचलेलं फाउंडेशन तसंच ठेवलं तर इंजिन पुन्हा कलणार, कोन पुन्हा वाढणार, आणि नवा कप जुन्याच वाटेने जाणार. त्यामुळे फाउंडेशनचं रबर आधी पाहावं. मदतनिसाला ब्रेक दाबून, क्लच किंचित सोडून इंजिनवर ताण द्यायला सांगितला तर ते किती उचलतं हे बॉनेट उघडून दिसतं. पुढून कुणी उभं राहायचं नाही, बाजूने पाहायचं. बाहेरून गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या असतील तर कोन कायमचाच वाढलेला असतो, आणि तिथे मेकॅनिकने ग्राहकाला ते स्पष्ट सांगणं बरं. बिल पाहून ग्राहक जुना शाफ्ट विचारतो, तेही चूक नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात तो मिळतो, रंग मारलेला, नवा बूट चढवलेला. तसा घेताना आतल्या बूटची क्लिप कापून तो मागे सरकवू देत असतील तरच घ्यावा. ग्रीस पुसावं, तिन्ही खोबण्यांच्या ओढणाऱ्या भिंतींवरून नख फिरवावं, आणि एका जागी जरी अडलं तरी दुसरा शाफ्ट मागावा.