खेळाची पेटी घरीच केली

वाचकहो, रुपया टाकून खेळायच्या त्या उभ्या पेट्या तुमच्यापैकी काहींनी शहरात पाहिल्या असतील. जपानात १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० साली ‘पॅक-मॅन’ हे खेळ निघाले नि या पेट्या जगभर पोचल्या. तशी एक पेटी यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही घरीच केली. तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला हे कसले डोहाळे?

कारण सांगतो. माझा पुतण्या डिप्लोमा करून दोन वर्षं नोकरीची वाट पाहत होता. हाक मारली तर जेवायला यायचा. एरवी तो आणि त्याचा मोबाईल. विचारलं तर “काही नाही, काका.” बोलून मन मोकळं होत नसेल तर हाताला काम द्यावं, असं मला वाटलं. पेटीची कल्पना त्याचीच. मी फक्त हो म्हणालो.

१८ मि.मी. जाडीचा प्लायवूड आणला. एक बाजू कापली आणि तीच दुसऱ्या फळीवर ठेवून आखली, म्हणजे दोन्ही एका मापाच्या उतरल्या. बटणांसाठी ३० मि.मी.ची भोकं पाडली. खेळायच्या दांडीखाली चार छोटे स्विच असतात. दांडी हलवली की त्या दिशेचा स्विच दाबला जातो. प्रत्येक स्विचची एक वायर छोट्या पट्टीवरच्या आपापल्या जागी जाते. दुसरी वायर सगळ्यांना मिळून एकच, ठिबकची नळी झाडाझाडापाशी जावी तशी. ती पट्टी ‘रास्पबेरी पाय’ या तळहाताएवढ्या संगणकाला जोडली. पडदा म्हणून जुना मॉनिटर बसवला. गरम हवा निघून जावी म्हणून मागे जाळी ठेवली.

वायरी जोडताना तो मला एकेक गोष्ट समजावू लागला. सांगता सांगता मुलाखतींत काय काय ऐकून घ्यावं लागलं, तेही बोलला. मी मध्ये तोंड घातलं नाही. बॅटरीचा उजेड धरून बसलो.

दुसऱ्यांच्या मालकीचे खेळ फुकट उचलायचे नाहीत, असं आमचं ठरलं होतं. म्हणून त्यानं ‘स्क्रॅच’वर स्वतःच एक खेळ रचला: जोंधळ्याचं शेत, वर पाखरं आणि हातात गोफण. आमच्या आईनं पहिल्याच डावात बारा पाखरं उडवली!

नोकरी अजून लागलेली नाही. पण पोरगा आता ताटावर बसून बोलतो.

तुमच्या घरात असं अबोल झालेलं लेकरू असेल, तर पेटीच करा असं नाही. कोंबड्यांचं खुराडं करा हवं तर. पण फळीचं दुसरं टोक धरायला तुम्ही स्वतः उभे राहा.