फळीवरची वेगळी कपबशी

एचआयव्ही कशानं होत नाही, हे आमच्या तालुक्यात शाळकरी पोरंही घडाघडा सांगतात. हात मिळवल्यानं नाही, डास चावल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. तरी त्याच घरांत सुनेची कपबशी वेगळ्या फळीवर असते. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. माहिती देणं सोपं, ती कपबशी खाली आणणं अवघड.

एचआयव्हीला दाबून ठेवणारी एआरटीची औषधं सरकारी केंद्रांत 2004 पासून फुकट मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती नेमानं घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. मी हे सांगते, समोरची बाई मान हलवते आणि नखानं बाटलीवरचं लेबल खरवडत बसते. गोळ्यांचा खुळखुळाट सासूला ऐकू जाऊ नये म्हणून काही जणी बाटली लुगड्याच्या घडीत ठेवतात. काही जण एसटीनं शेजारच्या जिल्ह्यातलं केंद्र गाठतात. मजुरी बुडते, पण ओळखीचं कुणी भेटत नाही.

एक डिसेंबरच्या, एड्स दिनाच्या रॅल्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. पोरं घोषणा देतात, वडापाव खातात, घरी जातात. त्यापेक्षा सलूनमध्ये जास्त काम झालं. एका गावात न्हावी एका माणसाची दाढी करेना. आमचा लिंक वर्कर, म्हणजे गावात एचआयव्हीचं काम करणारा कार्यकर्ता, तिथं रोज पेपर वाचायला बसू लागला. शेवटी न्हाव्यानंच विचारलं, “वस्तऱ्याला रक्त लागलं तर?” “प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावा. मग कुणाला काय आहे, हे विचारायचंच कशाला?” ब्लेडचा हिशेब करून तो तयार झाला. आता जुनं पातं गिऱ्हाइकासमोर काढतो आणि वर त्याची जाहिरातही करतो.

बायकांचं एवढ्यावर भागत नाही. नवरा ट्रकवर होता, तो गेला, आणि सासरच्यांनी हिलाच दोष देऊन बाहेर काढलं. असं मी कितीदा ऐकलंय! अशा बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, असं 2017चा कायदा सांगतो. पण कायद्याचा कागद घेऊन सासरच्या उंबऱ्यावर उभं राहायला सोबत लागते.

अशाच एकीला बचत गटानं सोबत दिली. आपला आजार तिनं बैठकीत स्वतःहून सांगितला. मी तोंड उघडणं तर कायद्यानंही मना. पुढं गटाला एका लग्नाच्या भाकरीचं काम मिळालं आणि हिनं पीठ मळायचं का, यावर वाद पेटला. अध्यक्षबाईंनी परात सरळ तिच्यापुढं सरकवली. “चुलीवरच्या तव्यात काय जिवंत राहतं गं?” म्हणाल्या. विषाणू पिठातूनही जात नाही, हे मी नंतर सांगितलं. तेव्हा मध्ये बोलले नाही.

त्या दिवसापासून गटातल्या दोघींनी बैठकीला येणं सोडलं. एक पुन्हा यायला लागली. दुसरी अजून येत नाही, हप्ता मात्र नातवाच्या हाती वेळेवर पाठवते.