मिठूला काम हवंय!

रात्रीचे साडेदहा. उद्या सकाळी द्यायची कॉपी अर्धवट, बाजूला थंड झालेली मॅगी आणि तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल. दहानंतर बाबा कधीच फोन करत नाहीत, तो त्यांचा टीव्हीचा टाइम. माझ्या पोटात गोळाच आला.

‘‘पाह्य वं, यानं काय करून ठेवलं,’’ म्हणत त्यांनी मोबाइल फिरवला. स्क्रीनवर पिंजरा, पिंजऱ्यात मिठू. डोकं हिरवंगार, गळ्यात काळी-गुलाबी कंठी, अगदी ऐटबाज. आणि मानेखाली? छाती चक्क उघडी. सोललेल्या कोंबडीसारखी गुलाबी कातडी आणि मधेमधे करड्या लवेचे पुंजके. पिंजऱ्याच्या तळाशी हिरव्या पिसांचा ढीग.

‘‘आजारी आहे का?’’

‘‘खाते-पिते बराबर. सोताच उपटून राह्यला. मी पायलं ना.’’

मी पुण्यात, मिठू तेल्हाऱ्यात. मधे एक अख्खी रात्र ट्रेनची आणि वर अकोल्याहून एसटी. अशा वेळी आपण पुण्यात राहणारी मुलं काय करतो? ऑनलाइन ऑर्डर देतो! मीही दिली. रंगीत लाकडी ठोकळे, घंटा, आरसा असलेला झुला, बाराशे रुपये फक्त. चौथ्या दिवशी बाबांचा फोन. ‘‘हे काय पाठोलं वं? भेला ना तो! कोपऱ्यात बसला, दिवसभर खाल्लंच नायी.’’

नंतर वाचलं तेव्हा कळलं, पोपटांना नव्या वस्तूची धास्ती वाटते. नवं खेळणं थेट पिंजऱ्यात कोंबायचं नसतं. आधी चार हात लांब ठेवायचं, मग रोज थोडं जवळ आणायचं. मी मात्र घाबरलेल्या जिवाच्या डोक्यावर घंटा बांधून मोकळी झाले होते. शेवटी दिवाळीनंतर आठवड्याची सुट्टी काढली आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली.

हा मिठू कोण?

आठ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अवकाळी वादळात आमच्या मागच्या कडुनिंबाची फांदी मोडली. तिच्या ढोलीतून हे पिल्लू खाली पडलं. आईनं त्याला भिजवलेल्या डाळीचा लगदा भरवून जगवलं. तिसऱ्या वर्षी गळ्यात कंठी उमटली तेव्हा कळलं, हा नर आहे. तोवर तो ‘‘चहा झाला का’’ असं थेट आईच्या आवाजात विचारायला लागला होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई गेली. मिठू अजूनही विचारतो, ‘‘चहा झाला का?’’ तिच्याच आवाजात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून अंगणात गेले होते.

शेजाऱ्यांकडे उपाय तयार होते. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं हळद-तेल चोपडा. बाबांनी दोन दिवस चोपडलंही. हे अगदी करू नका. तेलानं पिसं चिकटतात, ऊब धरत नाहीत आणि पक्षी ते चोचीनं साफ करत बसतो. म्हणजे ज्या जागेचा त्याला नाद लागलाय, तिकडेच आणखी लक्ष.

डोकं शाबूत, बाकी उघडं

मिठूला टोपलीत घालून अकोल्याला नेलं. पक्ष्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांनी आधी त्याला लांबूनच पाच मिनिटं न्याहाळलं. म्हणाले, ‘‘डोक्यावरची पिसं बघा. एकही गेलेलं नाही. चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही ना! डोक्यावरचीही गेली असती तर मी आजाराचा किंवा दुसऱ्या पक्ष्याचा संशय आधी घेतला असता. हा स्वतःच उपटतोय.’’

पण म्हणून ‘मनाचा आजार’ असा शिक्का त्यांनी लगेच मारला नाही. आधी विष्ठा तपासली, कातडीवर किडे किंवा बुरशी आहे का ते पाहिलं, वजन केलं. जंत, कातडीचा संसर्ग, यकृताचे विकार, विषाणू यातल्या कशानंही पक्षी पिसं उपटू शकतो. शरीराची तपासणी झाल्याशिवाय ‘त्याला कंटाळा आलाय’ म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाज.

तपासणीत मोठं काही निघालं नाही. मग डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले आणि बाबांची उलटतपासणी सुरू झाली.

‘‘खायला काय देता?’’

‘‘सूर्यफुलाच्या बिया, हिरवी मिरची. अन् सकाळी माह्या चहात बुडवेल बिस्कीट.’’

‘‘झोपतो किती वाजता?’’

‘‘टीव्ही बंद झाला का. अकरा, साडेअकरा.’’

‘‘मच्छरांसाठी काय लावता?’’

‘‘अगरबत्ती. पिंजऱ्याच्या खालीच ठेवतो, म्हणजे त्यालेही चावत नायी.’’

बाबांचा चेहरा उतरत गेला. सगळं प्रेमानं केलेलं आणि सगळं चुकीचं! नुसत्या तेलबियांवर जगणाऱ्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, कातडी कोरडी पडून खाजते. चहा-बिस्कीट तर त्याचं खाणंच नाही. धुरानं पक्ष्याची श्वासनलिका आणि कातडी दोन्ही चुरचुरतात. आणि पोपटाला रोज दहा ते बारा तास अंधारी, शांत झोप लागते. मिठूला जेमतेम सहा तास मिळत होती, तीही बातम्यांच्या आरडाओरड्यानंतर. (माझ्या फ्लॅटवाल्या मित्रमैत्रिणींनो, नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नका. त्याच्या वाफेनं पक्षी मिनिटांत मरू शकतो.)

मग डॉक्टरांनी खरा प्रश्न विचारला. ‘‘आधी हा दिवसभर काय करायचा?’’

बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी बाबांकडे.

आईची शाळा

उत्तर मला परतीच्या एसटीत सापडलं. खिडकीबाहेर तुरीची शेतं होती, शेंगा धरलेली.

आई होती तेव्हा पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा. ती गहू निवडायला, शेंगा सोलायला बसली की दार उघडायची आणि मिठू तिच्या सुपाच्या काठावर येऊन बसायचा. एक शेंग ती सोलायची, एक त्याला द्यायची. सोललेली नाही, अख्खी! तो ती पायात धरून, चोचीनं शिवण उकलून दाणे काढायचा. हिवाळ्यात तूर, मग वाटाणा, उन्हाळ्यात भुईमूग. कधी ज्वारीचं कणीस, कधी निंबाची कोवळी फांदी सोलायला. वरून आईचा एकतर्फी संवाद चालूच. आठ-दहा तासांची ड्यूटी होती ती. मिठू फुल टाइम नोकरीला होता म्हणा ना!

आई गेल्यावर डबा सुरू झाला. स्वयंपाकघर बंद पडलं. एकट्या बाबांना सोबत म्हणून पिंजरा बैठकीत टीव्हीशेजारी आला. वाटीत सोललेलं खाणं आयतं मिळायला लागलं, दोन मिनिटांत पोट भरायचं. उरलेल्या दिवसाचं काय करायचं? चोच तर शिवशिवतेय. मग जे हाताशी आहे ते सोला. स्वतःचं अंग.

याला पुरावाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी तरुण ॲमेझॉन पोपटांवर केलेला अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. काही पक्ष्यांना खाणं शोधून, कुरतडून, उघडून मिळवावं लागेल अशी सोय दिली आणि बसायला-चढायला निरनिराळ्या जागा दिल्या. बाकीच्यांना वाटीत आयतं. 48 आठवडे हे चाललं. आयतं खाणाऱ्यांची पिसं बिघडत गेली आणि पुढे त्यांनाही तेच ‘काम’ दिल्यावर त्यांची पिसं सुधारली. आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती नुसती शेंगा सोलत होती.

मिठूचं नवं टाइमटेबल

पिंजरा परत खिडकीत गेला. संध्याकाळी साडेसहाला त्यावर जाड सुती चादर. अगरबत्ती बंद, मच्छरदाणी सुरू. बिया एकदम बंद केल्या नाहीत, कारण अचानक बदललं तर पक्षी उपाशी राहतो. हळूहळू कमी केल्या आणि त्यात मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, कोहळं (पुणेकरांचा लाल भोपळा), पेरू वाढवला. ऊन असेल तेव्हा साध्या पाण्याचा हलका फवारा. त्याखाली मिठू पंख पसरून जो नाचतो!

आणि मुख्य म्हणजे काम. तुरीच्या शेंगा कागदात गुंडाळून सळ्यांत खोचायच्या. दाणे घातलेले कागदाचे बोळे. मक्याचं अख्खं कणीस. निंबाची ताजी फांदी, फवारणी न केलेली. एकूण खर्च शून्य रुपये. सुतळी आणि सैल दोरे मात्र नकोत, पायात अडकतात.

सगळ्यात अवघड होतं ते बाबांना गप्प बसवणं. मिठूनं पीस धरलं की ते ‘‘अरे, अरे!’’ करत धावायचे. मिठूच्या दृष्टीनं बेस्ट! पीस ओढलं की माणूस येतो. डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा दुर्लक्ष करा आणि तो शांत बसून शेंग सोलत असेल तेव्हा जवळ जा, बोला. गळ्यात पट्टा बांधला तर चोच पोचणार नाही, पण कारण तसंच राहील.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर छातीची तपासणी व्हायची. तिसऱ्या आठवड्यात बारीक काट्यांसारखे कोंब दिसले. पाचव्या आठवड्यात त्यानं त्यातले निम्मे पुन्हा उपटले. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. असं होतं, हे सरळ रेषेत बरं होत नाही. जिथे मुळंच दुखावलेली असतात तिथे पीस परत येतही नाही. जानेवारीच्या मध्यावर मिठूची छाती हिरवी झाली होती. पोटावर रुपयाएवढा एक गोल मात्र तसाच उघडा राहिला.

जे मी आधी सांगायला हवं होतं

आता ती गोष्ट, जी इथपर्यंत मी टाळत आले. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘हा आपला देशी पोपट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळता येत नाही. वनविभागाला कळवा.’’

आम्हाला माहीत नव्हतं का? खरं सांगायचं तर अर्धवट माहीत होतं. घरोघरी असतो म्हणून गुन्हा वाटत नाही एवढंच. देशी पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळंच बेकायदा आहे. परदेशी पक्ष्यांचा नियम वेगळा. आफ्रिकन ग्रेसारख्या, आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या यादीतल्या पक्ष्यांची 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

मी बाबांना म्हटलं, ‘‘बाबा, तुम्ही ठरवा.’’ बाबा म्हणाले, ‘‘तुह्या आईचा आवाज आहे तो. कसा देऊ?’’

यावर काय बोलणार? पुढचे अडीच महिने मी तो विषय काढला नाही. बरोबर केलं असं म्हणत नाही. पत्रकार म्हणून तर नाहीच.

शेवटी बाबांनीच काढला. जानेवारीत एका संध्याकाळी पोपटांचा थवा निंबावर उतरला. मिठू खिडकीतून एवढा ओरडला की बाबांना टीव्ही बंद करावा लागला. रात्री फोनवर म्हणाले, ‘‘लहानपनी आमी वावरात माळ्यावर बसून गोफणीनं पोपट हाकलत होतो, ज्वारी खाते म्हणून. तवा ते आपल्यापासून पळत होते, तेच बराबर होतं. हा पळू बी शकत नायी.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन केला.

जाण्याआधी मी मिठूचा ‘‘चहा झाला का’’ रेकॉर्ड करून घेतला. वनरक्षक आले, कागदपत्रं झाली. उपचार केंद्रात तो आपल्यासारख्या इतर पोपटांसोबत राहील, उडायची ताकद आली तर पुढचं बघू, असं त्यांनी सांगितलं. हातावर वाढलेला पक्षी रानात टिकेलच असं नाही. म्हणूनच पिंजऱ्याचं दार उघडून ‘जा बाबा’ करायचं नसतं, ती सुटका नव्हे. बाबांनी सोबत तुरीच्या शेंगांची पिशवी दिली आणि वनरक्षकांना बजावलं, ‘‘सोलून देऊ नका.’’

तुमच्याकडे असा पिसं उपटणारा पक्षी असेल तर आधी डॉक्टर, मग त्याचा दिवस बघा. तो काय खातो यापेक्षा ते मिळवायला त्याला किती वेळ लागतो ते बघा. त्याला हाताळल्यावर साबणानं हात धुवा, कारण सिटॅकोसिससारखा आजार विष्ठेतून आणि पिसांच्या धुळीतून माणसालाही होतो. आणि तो देशी पोपट असेल तर आमच्यासारखे अडीच महिने लावू नका.

परवा रात्री पुन्हा साडेदहाला बाबांचा फोन. पुन्हा पोटात गोळा.

‘‘काय झालं बाबा?’’

‘‘काई नायी वं. पिंट्याच्या वावरातल्या शेंगा आल्या पाच किलो. सोलत बसलो होतो. तुही माय सोल्याची भाजी करे, त्यात लसूण आधी टाकाचा का नंतर?’’

मलाही नक्की आठवेना. म्हटलं, आधी टाका. मग दोघंही फोन चालू ठेवून बसलो, ते शेंगा सोलत, मी कॉपी लिहीत.