मिरचीच्या गावात आठ पायांचा पाहुणा

कुत्रा झाला, मांजर झालं, फिश टँक तर आता दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही दिसतो. पण घरात पाळायला कोळी? तोही तळहाताएवढा, केसाळ टॅरेंटुला? 'ई...' म्हणून लगेच पान उलटू नका. जगभरात हजारो माणसं हा शौक मनापासून करतात. ब्रिटनमध्ये तर १९८०च्या दशकापासून त्यांची रीतसर सोसायटी आहे, प्रदर्शनं भरतात, बक्षिसं मिळतात. आणि या हटके शौकाचा एक धागा थेट आपल्या मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत येऊन पोहोचतो.

तो असा. संभाजीनगरला शिकत असताना माझ्या मेसमध्ये एक मित्र होता. आता तो टेक्सासमध्ये सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. टिपिकल स्टोरी : ग्रीन कार्डची रांग, दर वीकेंडला लाँड्री, फ्रीजमध्ये आईने पाठवलेली मिरचीची चटणी. फरक एवढाच, की त्याच्या बेडरूममधल्या शेल्फवर सहा पारदर्शक पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीत एकेक टॅरेंटुला राहतो. मी एका स्टोरीसाठी जालन्याला निघालेय म्हटल्यावर तो म्हणाला, "आमच्या घरी जाऊन ये ना. आईला जरा समजावून सांग."

"काय समजावू?"

"की मी बरा आहे. कोळी पाळले म्हणजे पोरगं येडं झालं असं नसतं."

चलो पिंपळगाव

'जालना, सोने का पालना' असं लहानपणापासून ऐकलेलं. स्टेशनवर उतरलं की आधी स्टीलचे कारखाने आणि बियाणं कंपन्यांच्या पाट्या दिसतात. एसटी राजूरच्या गणपतीवरून भोकरदनला जाते. हे भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत या गावचे लोक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीही इथला माणूस व्यापारासाठी लांबलांब जात होता, तर! टेक्सास हा त्याचाच पुढचा स्टॉप समजायचा.

भोकरदनहून पुढे बुलढाण्याच्या हद्दीकडे निघालं की दोन्ही बाजूंना चकचकीत मल्चिंग पेपर अंथरलेली शेतं सुरू होतात. पेपरला भोकं, भोकांतून डोकं वर काढलेली रोपं. मिरची! पिंपळगाव रेणुकाई ओळखलं जातं ते रेणुकामातेमुळे आणि हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे. उन्हाळी मिरची लावायची, ठिबकवर जगवायची आणि तोडा सुरू झाला की संध्याकाळी बाजारात आणायची, असा इथला हंगाम. मी पोहोचले तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. पिकअप, टेम्पो, मोटरसायकलच्या मागे बांधलेल्या गोण्या, सगळं एकाच वेळी एकाच रस्त्यावर. व्यापारी मूठभर मिरची उचलून देठ बघणार, एखादी मोडून बघणार, भाव बोलणार. रात्रीतून गाड्या भरायच्या आणि माल परराज्यांतल्या शहरांकडे रवाना. तुम्ही दिल्लीत छोले-भटुऱ्यांबरोबर जी मिरची खाल्लीत ती कदाचित इथूनच गेलेली असेल.

पाच मिनिटांत मला अकरा शिंका आल्या. शेजारचा हमाल हसून म्हणाला, "ताई, नवीन दिसता."

"कोळी? लई हायेत!"

मित्राचे वडील बाजारातच भेटले. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मी काका म्हणाले. चहा झाल्यावर मी हळूच विषय काढला.

"काका, इकडे शेतात कोळी दिसतात का हो?"

"लई हायेत! यंदा तर जास्तीच. परवाच फवारा मारला."

मी हबकले. मग लक्षात आलं, आम्ही दोघं दोन वेगळ्या कोळ्यांबद्दल बोलतोय. मिरचीवाल्यासाठी 'कोळी' म्हणजे पानाखाली बसून रस शोषणारा बारीक कीटक. म्हणजे आपण कीटक म्हणायचं, खरं तर तोही आठ पायांचाच. जाळं विणणाऱ्या कोळ्याचा लांबचा भाऊबंद, आकाराने अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. दुकानात त्याच्यासाठी 'कोळीनाशक' मिळतं. काकांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात नेऊन फंडा समजावला. पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलं की समजायचं फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. खालच्या बाजूला वळून उलट्या होडीसारखं झालं की कोळी. औषध वेगळं, खर्च वेगळा. ओळखण्यात चूक झाली तर फवारणीचे पैसे पाण्यात.

तेवढ्यात मल्चिंग पेपरवरून एक करडा, चपळ कोळी पळाला. हा जाळं न विणता धावून शिकार करणारा. पाठीमागे पांढरी अंड्यांची पिशवी ओढत होता, म्हणजे खरं तर होती. मी पाय उचलला, काकांनी हात आडवा धरला.

"याला मारायचं नाय. हा किडे खातो. आपला माणूस हाये."

गंमत बघा. 'टॅरेंटुला' हे नाव मुळात याच धावऱ्या कोळ्यांच्या एका युरोपीय भावंडाचं. इटलीतल्या तारांतो शहरावरून ते पडलं. तो चावला तर नाचून विष उतरवायचं, अशी तिथली समजूत होती आणि टारांटेला हा नाच त्याच्याशी जोडला जातो. पुढे युरोपियन लोक अमेरिकेत गेले, तिथे मोठाले केसाळ कोळी दिसले आणि नाव त्यांना चिकटलं.

शेल्फवरचं कुटुंब

संध्याकाळी सहा वाजता व्हिडिओ कॉल. टेक्सासमध्ये सकाळचे साडेसात. काकू पदर सावरून मोबाइलसमोर बसल्या, पण पेट्या दिसायला लागल्या तशा त्यांनी तोंड फिरवलं.

मित्र मात्र फुल फॉर्मात होता. पहिली पेटी : मेक्सिकन रेड नी. काळं अंग, गुडघ्यांवर केशरी पट्टे. दिसायला एकदम फिल्मी आणि स्वभावाने शांत, म्हणून नवशिक्यांची लाडकी. त्याची ही मादी आहे, आणि या जातीच्या माद्या वीस वर्षांहून जास्त जगतात. नरांचं आयुष्य खूपच कमी. दुसऱ्या पेटीत ट्रिनिडाड शेव्हरॉन. तिसऱ्यात उभं लाकूड आणि त्याच्या सालीमागे लपलेली इंडियन ऑर्नामेंटल, म्हणजे आपल्याकडची झाडावर राहणारी पोइसिलोथेरिया रेगालिस. पायांखाली पिवळे-काळे पट्टे. सगळ्या तिकडे पैदास केलेल्या, जंगलातून पकडलेली एकही नाही.

सांभाळायचं काय असतं? नारळाच्या भुशाचा थर, लपायला साल, पाण्याची छोटी वाटी, हवा खेळायला भोकं. आठवड्यातून एकदा एखादा रातकिडा किंवा झुरळ. कात टाकायच्या आधी तर काही जाती महिनोन् महिने खात नाहीत. कात टाकताना त्या पाठीवर उताण्या पडतात. नवख्या मालकाला वाटतं, गेली! तो घाबरून हलवायला जातो आणि तिथेच खरा घोटाळा होतो. त्या वेळी अंग इतकं मऊ असतं की हात लावायचाच नाही. एरवीही हातावर घेऊन फोटो काढणं अनुभवी लोकांना पसंत नसतं. दोन-तीन फुटांवरून पडली तरी पोट फुटून टॅरेंटुला मरू शकते. शिवाय अमेरिकन जाती पोटावरचे बारीक केस उडवतात. त्वचेला भयंकर खाज, डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठायचा. आपल्याकडच्या जातींना ते केस नसतात. त्या पळतात वेगाने आणि चावल्या तर दुखतंही जास्त. पोइसिलोथेरियाच्या चाव्याने काही दिवस स्नायूंत गोळे येतात.

"मग ठेवतोस कशाला असली ब्याद?" काकू पहिल्यांदाच बोलल्या.

"आई, कुत्रा ठेवला तर त्याला रोज फिरवावं लागतं. सुट्टीत कुणाकडे सोडायचा? यांना महिनाभर कुणी बघितलं नाही तरी चालतं. मित्राने मधे एकदा पाणी घातलं की झालं. गावी यायला मोकळा."

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "तीन वर्षं झाली. मग येत का नाहीस?"

तिकडून उत्तर यायला वेळ लागला. व्हिसाचा शिक्का, पासपोर्ट, परत एंट्री मिळेल की नाही... काका उठून उगाच बाहेर गेले. मी समजावून सांगायला आले होते, पण मला तिथे काही समजावण्यासारखं उरलंच नव्हतं. पोरगं येडं झालेलं नाही हे काकूंना माहीत होतं. पोरगं एकटं आहे, हे त्यांना सहा पेट्या बघून कळलं होतं. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "त्या केशरी गुडघ्यांचीनं आज खाल्लं का?" तो इतका मोठ्याने हसला की आवाज फाटला.

तिखट तेच, दार तेच

आता एक सॉलिड सायन्स, खास मिरचीच्या गावासाठी. मिरची खाल्ली की जीभ का भाजते? आपल्या नसांवर उष्णता ओळखणारं एक दार असतं, नाव टीआरपीव्ही-१. मिरचीतलं कॅप्सेसिन हे दार उघडतं आणि मेंदूला वाटतं, भाजलं! डेव्हिड ज्युलियस यांना या शोधासाठी २०२१ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर. त्याच ज्युलियस यांच्या टीमने २००६ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की ट्रिनिडाड शेव्हरॉन टॅरेंटुलाच्या विषातले घटकही नेमकं हेच दार उघडतात. म्हणजे मित्राच्या शेल्फवरची दुसरी पेटी आणि त्याच्या वडिलांची गोणी, दोघींचा ठसका एकाच दारातून येतो!

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दोघंबी खाणाऱ्याला दूर ठेवतेत. झाडाला बी जगायचं हाये, त्यालाबी."

आणि हो, मिरचीही मूळची इथली नव्हे. ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. रेड नीच्याच मेक्सिकोकडून! आज पिंपळगावात तिला कुणी परकी म्हणेल का?

आपल्याकडे पाळता येईल?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार, कारण माझ्या तर आलाच होता. थोडं थांबा. मेक्सिकन रेड नी आणि तिच्या वंशातल्या जाती 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. आपल्या पोइसिलोथेरिया २०१९ मध्ये त्या यादीत गेल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटिसमधल्या प्राण्यांसाठी कायद्यात स्वतंत्र परिशिष्ट आलं. असा जिवंत प्राणी बाळगायचा तर सरकारकडे नोंदणी हवी. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं, तर आत छोट्या कुप्यांमध्ये १०७ जिवंत कोळी! ते परत पाठवण्यात आले. 'मित्राचा मित्र आणून देतो' टाइप डील असेल तर लांबच राहा.

आणि जंगलातून उचलायचा विचार तर अजिबात नको. आंध्रातल्या गुत्तीचा निळाशार टॅरेंटुला आठवा. १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गुत्ती रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या एकाच नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. नंतर शंभरेक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. २००१ मध्ये तो नंद्याल-गिद्दलूर दरम्यानच्या जंगलात पुन्हा सापडला. २००८ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तरी परदेशातल्या शौकिनांच्या पेट्यांमध्ये तो सहज मिळतो. जंगलात मूठभर आणि पेट्यांत भरपूर! माझा मित्र याच कारणाने तो घेत नाही. "त्याचे पहिले पूर्वज कसे बाहेर गेले ते मला माहितीये," तो म्हणतो. शौकात शिरायचं तर हा प्रश्न विचारायची सवय आधी लावून घ्यायला हवी.

मग आपण काय करायचं? बघायला जायचं! माथेरानच्या नमुन्यांवरून टॅरेंटुलाच्या जातीची नोंद पोकॉकने १८९९ मध्येच केली होती. मुंबईत, लोकलपासून रिक्षाच्या अंतरावर असलेल्या आरे कॉलनीत झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी शोधलेल्या जातीला २०१४ मध्ये 'आरेयेन्सिस' असं आरेचंच नाव मिळालं. पावसाळ्यात जाणकाराबरोबर टॉर्च घेऊन निघा. बिळाच्या तोंडाशी रेशमाची झालर आणि आत दोन पाय दिसले की श्वास रोखून उभं राहा. बीळ खणायचं नाही, काडी घालायची नाही. पेटी नको, नोंदणी नको, आणि ती बिळातून कधी बाहेर येईल ते तिच्या मर्जीवर.

जायचंय?

कसं जाल : मुंबईहून रेल्वेने जालना, तिथून एसटीने राजूरमार्गे भोकरदन आणि पुढे पिंपळगाव रेणुकाई. गाडी असेल तर संभाजीनगरहूनही सोपं.

कधी : मिरचीचा बाजार बघायचा तर उन्हाळा संपता संपता, आणि संध्याकाळीच.

काय बघाल : रेणुकामातेचं देऊळ, मिरचीची शेतं. वीकेंड मोठा असेल तर अजिंठ्याची लेणी जोडून घ्या.

काय न्याल : मोठा रुमाल. शिंका येणारच!

काय आणाल : घरची मिरची. आणि मल्चिंग पेपरवर पळणारा कोळी दिसला तर पाय आवरा. तो 'आपला माणूस' आहे.