अन्नाचा अपवाद

वेताळपंचविशीतील गोष्ट जेथे संपते तेथे वेताळाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्या प्रश्नासाठीच ती गोष्ट रचिली असावी असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे. देवीपुढे नवऱ्याने आणि भावाने आपापली मस्तके कापून वाहिली, देवी प्रसन्न झाली, आणि गडबडलेल्या त्या स्त्रीने एकाचे मस्तक दुसऱ्याच्या धडाला लावून दोघांनाही जिवंत केले; आता तिचा पती कोण? चार विद्वान भावांपैकी एकाने वनात पडलेली हाडे जुळविली, दुसऱ्याने त्यांवर मांस चढविले, तिसऱ्याने कातडे आणि केस, चौथ्याने प्राण घातले, आणि उठून उभ्या राहिलेल्या सिंहाने चौघांनाही खाल्ले. आता या वधाचे पातक कोणाच्या माथी? देवी मस्तके जोडू शकते का, मंत्राने हाडांत प्राण येतो का, असले प्रश्न वेताळ विचारीत नाही. चमत्कार त्याने मान्य करून टाकलेला असतो. त्याला हवा असतो तो चमत्काराचा कायदा. जबाबदारी कोणाची, हक्क कोणाचा, हे त्याला राजाच्या तोंडून वदवून घ्यावयाचे असते, आणि राजा जाणूनबुजून गप्प राहील तर त्याच्या मस्तकाची शकले होतील अशी अटही त्याने घालून ठेवलेली असते.

गुणाढ्याने आपली बृहत्कथा सातवाहनांच्या पदरी प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणास, रचिली अशी परंपरा आहे. तिच्यातून निघालेला ओघ अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मिरात संस्कृतात आणला, आणि वेताळाच्या गोष्टी त्यात आहेतच. तेव्हा जादूच्या कायद्यावर हिरिरीने वाद घालण्याची हौस ही पाश्चात्य कादंबऱ्यांनी आमच्या मुलांना लावलेली नवी खोड आहे, असे जे कोणी समजतात, त्यांनी आपल्या घरातील फडताळ पुन्हा एकवार उघडून पाहावे. मुळशी तालुक्यात पौडच्या आसपास एका लहानशा वाचनालयात रविवारी मुले जमतात आणि हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांवर वाद घालतात, तेथे मी श्रोता म्हणून बसत असतो. काहींनी ती पुस्तके मराठीत वाचली आहेत, ‘हॅरी पॉटर आणि परीस’ येथपासून, काहींनी इंग्रजीत, पुष्कळांनी नुसते चित्रपट पाहिले आहेत. पिरंगुटच्या कारखान्यांत नोकरीस असलेल्यांची मुले तेथे आहेत, भातशेती करणाऱ्यांची आहेत, आणि पुण्याहून अलीकडे येऊन राहिलेल्या कुटुंबांतीलही आहेत. पावसाळ्यात ताम्हिणीकडून ढग उतरले म्हणजे बाहेर खेळावयास जाण्याची सोय नसते, आणि मग वाद चांगलाच रंगतो.

एकदा प्रश्न निघाला तो एल्डर झाडाच्या छडीचा. ही छडी जगात सर्वांत सामर्थ्यवान, परंतु ती मानते फक्त आपल्या खऱ्या धन्याला, आणि धनी ठरतो तो आधीच्या धन्याला जिंकून. शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर याच्या हातून ती ड्रेको नावाच्या विद्यार्थ्याने उडविली. पुढे हॅरीने ड्रेकोच्या हातून त्याची दुसरीच, साधी छडी हिसकावून घेतली. आणि एवढ्यावरून डंबलडोरच्या थडग्यात पडून असलेली ती महान छडी हॅरीची झाली. हॅरीचा वैरी वोल्डेमॉर्ट याने थडगे फोडून ती हस्तगत केली, ती आपली व्हावी म्हणून डंबलडोरला मारणाऱ्या स्नेपला ठार मारविले, तरी ती त्याची झाली नाही. पुण्याहून आलेल्या एका मुलाला हे सारे ओढूनताणून आणलेले वाटले. त्यावर शेतकऱ्याच्या घरातील एक मुलगा शांतपणे म्हणाला, “त्यात काय अवघड आहे? कब्जा त्याचा, मालकी ह्याची.” ज्या तालुक्यात गेल्या तीस वर्षांत जमिनीचे भाव चढत गेले, ज्याच्या घराघरांत सातबाऱ्याचे उतारे आणि फेरफाराच्या नोंदी जेवणाच्या पंगतीत बोलल्या जातात, त्या तालुक्यातील मुलाला त्या पुस्तकांच्या लेखिका रोलिंगबाईंचा सर्वांत गुंतागुंतीचा नियम समजावून सांगण्याची गरजच नव्हती. वहिवाट म्हणजे हक्क नव्हे, हे त्याने आजोबांच्या दाव्यातून शिकून ठेवले होते. मात्र त्यानेच पुढे जी शंका काढली तिला अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही: साधी छडी हिसकावली गेली ती एका वाड्यात, मोठी छडी होती कोसो दूर, मग मालक बदलल्याची वर्दी तिला दिली कोणी? तलाठ्याकडे खबर गेल्यावाचून फेरफार होत नाही.

छड्यांच्या लाकडावरून एका मुलीने देवराईची गोष्ट काढली. मुळशी, वेल्हे, मावळ या डोंगरी मुलखात देवीच्या नावाने राखलेले रानाचे तुकडे गावोगाव होते, काही अजून आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांच्या नजरेस आणून दिले. तेथील कायदा गावाला तोंडपाठ असतो: झाड तोडावयाचे नाही, आणि कित्येक ठिकाणी वाळून पडलेली काटकीसुद्धा घरी आणावयाची नाही, देऊळ दुरुस्तीस लाकूड हवेच असेल तर देवीला कौल लावावा, आणि तिने दिला तरच हात लावावा. मुलीचे म्हणणे असे की, छडी जर जादूगाराला निवडते तर झाडाने छडी व्हावयाचे की नाही हे झाडाला कोणी विचारले काय? पुस्तकात याविषयी अवाक्षर नाही. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण जादूच्या कायद्यात कर्त्याचे हक्क सर्वत्र लिहिलेले असतात. ज्याच्यापासून जादू घडविली त्याचा जबाब क्वचितच नोंदविलेला असतो.

सिद्धी कोठून येतात याची गणना पतंजलीने योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभीच करून ठेविली आहे: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. रोलिंगबाईंच्या जगात यांपैकी जन्म आहे, औषधी आहे, मंत्र आहे. तप मात्र नाही. फिल्च नावाचा शाळेचा रखवालदार जादूगाराच्या घरी जन्मूनही जादूविना राहिला, आणि टपालाने धडे मागवून तो लपूनछपून शिकू पाहतो. वाचकाने तेथे हसावे अशी योजना आहे. आमच्या रविवारच्या मंडळातील मुले तेथे हसली नाहीत. त्यांना विश्वामित्र ठाऊक आहे, जो क्षत्रिय असूनही तपाच्या बळाने ब्रह्मर्षी झाला. आणि त्यांना एकलव्यही ठाऊक आहे. शुद्ध रक्ताचा गर्व वाहणाऱ्यांना त्या पुस्तकांनी दुष्ट ठरविले, हे योग्यच झाले. परंतु जादू अखेर जन्मावरच अवलंबून ठेवली, आणि फिल्चसाठी एकही दार उघडे ठेविले नाही, हा त्या जगाच्या घटनेतील कठोर भाग आहे, आणि त्यावर मुलांनी धरलेला राग मला सर्वस्वी न्याय्य वाटतो.

परंतु ज्या एका नियमापाशी माझे मन वारंवार घोटाळत राहते तो अन्नाचा. सातव्या खंडात हॅरी आणि त्याचे दोघे सोबती रानात तंबू ठोकून उपाशी बसले असता हर्मायनी रॉनला सांगते की, गॅम्प नावाच्या कोणा शास्त्रकाराने रूपांतराच्या विद्येचा जो सिद्धान्त घालून दिला त्याला मुख्य अपवाद पाच, आणि त्यांतील पहिला अन्न. असलेले अन्न बोलावून आणता येते, त्याचे रूप पालटता येते, थोड्याचे पुष्कळ करता येते. शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही. 2007 साली हे वाचले तेव्हा पुष्कळांना एक जुने कोडे सुटल्यासारखे वाटले असेल, कारण जादू येत असूनही रॉनचे घर गरीब का, आईला सात लेकरांचे पोट भरण्याची विवंचना का, हे त्यापूर्वी नीट कळत नव्हते.

आमच्याकडे याच्या उलट दाखला आहे, तो सूर्याने धर्मराजाला वनवासात दिलेल्या थाळीचा. ती शून्यातून अन्न देते. परंतु तिलाही अट आहे, की त्या दिवशी द्रौपदी जेवली म्हणजे थाळी रिकामी. या अटीचा अर्थ मंडळातील एका मुलीने ज्या सहजतेने सांगितला तो ऐकून मी क्षणभर स्तब्ध झालो. ती म्हणाली, “म्हणजे द्रौपदीला रोज सगळ्यांच्या शेवटीच जेवावं लागणार.” कितीतरी कीर्तनांतून मी ही कथा ऐकली असेल, अक्षय थाळीचे सामर्थ्य एका बाईच्या भुकेवर तोलून धरलेले आहे, हे कोणी मला असे उघड करून दाखविले नव्हते. थाळीचा तो नियम कोणा कथेकऱ्याने हवेतून आणलेला नाही. तो आमच्या स्वयंपाकघरात रोज पाळला जातो.

या थाळीच्या पोटीच दुर्वासाची कथा आहे. द्रौपदी जेवून उठल्यावर तो दहा हजार शिष्यांसह येतो, आणि श्रीकृष्ण थाळीच्या काठाला चिकटलेले भाजीचे पान खाऊन सर्वांची पोटे भरवितो. भांडारकर संस्थेच्या विद्वानांनी महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तिच्या मूळ संहितेत हा प्रसंग घेतलेला नाही. तो मागाहून आलेला मानला आहे. मला यात एक अनामिक श्रोता दिसतो. कोठल्या तरी गावी कथा चालली असता त्याने उभे राहून विचारले असेल, की द्रौपदी जेवल्यावर पाहुणे आले तर काय? आणि पुराणिकाला त्याचे समाधान करण्यासाठी कथा पुढे रचणे भाग पडले असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण नियम बोलला गेला की त्याची परीक्षा घेण्यास श्रोता उठतोच, आणि त्याच्या शंकेतून वाङ्मय वाढते, याविषयी माझी खात्री आहे.

हॅरीच्या हॉगवर्ट्स शाळेच्या भोजनगृहात सोन्याच्या ताटांत आपोआप पक्वान्ने उमटतात, आणि पहिली तीन पुस्तके वाचक ते जादूचे लेणे म्हणून पाहत असतो. चौथ्या पुस्तकात उलगडा होतो. भोजनगृहाच्या बरोबर खाली मुदपाकखाना आहे, वरच्या चार मेजांखाली नेमकी तशीच चार मेजे मांडलेली आहेत, आणि शंभराहून अधिक एल्फ, बिनपगारी राबणारे, अन्न शिजवून त्यांवर ठेवतात तेव्हा ते वर पोहोचते. हर्मायनीला हे कळते त्या रात्री ती ताट दूर सारते. अन्नाचा अपवाद सातव्या खंडात शब्दांत सांगितला गेला, पण खरा तो तेथेच सिद्ध झाला होता.

मुळशीत बसून हे प्रकरण वाचणाऱ्याला दुसरा एक मुदपाकखाना आठवल्यावाचून कसा राहील? मुळा आणि निळा यांच्या खोऱ्यातील भातखाचरे, ज्यांत आंबेमोहोर पिकत असे, धरणाच्या पाण्याखाली जाणार हे निश्चित झाले तेव्हा त्या वेळच्या मुळशी पेट्यातील मावळ्यांनी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती, पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी त्याच लढ्याने दिली, आणि 1924पर्यंत चाललेला तो लढा अपयशी ठरला. टाटांच्या कंपनीने धरण बांधले. सरकारने जमिनी संपादन करून दिल्या. पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेस नेऊन खाली भिऱ्याच्या वीजगृहावर सोडण्यात येते, आणि तेथील वीज मुंबईस जाते. मुंबईच्या माणसाने भिंतीवरील कळ दाबली की दिवा लागे. ताटात पक्वान्न उमटावे तितकेच ते निष्कष्ट दिसे. मी विजेचा द्वेष्टा नाही, आणि त्या दिव्याखाली अभ्यास करून किती मुले शिकली हे मी जाणतो. तथापि जादू कशी चालते हा प्रश्न जो चिकाटीने विचारीत जातो तो शेवटी तळघराच्या जिन्यापाशी येऊन ठेपतो, आणि खाली कोण राबते, कोणाचे काय बुडाले, हे त्याला विचारावेच लागते. म्हणून या मुलांच्या वादांना वेळेचा अपव्यय समजणाऱ्या वडीलधाऱ्यांशी माझा कायमचा मतभेद आहे.

गॅम्पच्या पाच अपवादांपैकी पुस्तकात नाव येते ते एकट्या अन्नाचे. उरलेले चार कोणते, यावर मंडळात बरेच दिवस खल चालू आहे. प्रेम आणि प्राण यांना बहुमत सहज मिळाले. पैसा असावा की नसावा यावर दोन तट आहेत. तो कब्जा-मालकीवाला मुलगा जमिनीसाठी अडून बसला आहे. जमीन शून्यातून निघत नाही, निघाली असती तर पाण्याखाली गेलेल्या गावांना तेवढीच दुसरी देऊन टाकली असती, असा त्याचा युक्तिवाद. त्यावर ताम्हिणी घाटाखाली ज्याचे आजोळ आहे अशा एकाने परशुराम पुढे केला, की त्याने बाण मारून समुद्र हटविला आणि कोकण निर्माण केले. “निर्माण नाही केलं,” पहिला म्हणाला, “समुद्राची जागा घेतली.” मी त्याच्या बाजूचा आहे आणि तसे मी सभेत सांगितले. परंतु आजोळवाल्याला ते मान्य नाही. समुद्राने ती जागा राजीखुशीने दिली, सबब ते संपादन नव्हे, दान होते, असे तो म्हणतो, आणि पुढील रविवारी परशुरामाची कथा घरून नीट विचारून घेऊन तो आपली बाजू मांडणार आहे.