लट्टलूरच्या वाटेवर गणिताच्या खुणा

नांदेड सोडून लातूरच्या रस्त्याला लागले, की गोदावरीचे खोरे हळूहळू मागे पडते आणि बालाघाटचे उघडे माळ सुरू होतात. या वाटेने जाणारी जैन कुटुंबे बहुधा तीर्थयात्रेस, लग्नकार्यास किंवा मुलांच्या शिक्षणासाठी निघालेली असतात. गणिताच्या इतिहासाचा माग काढण्यासाठी येथे कोणी येत नाही. तथापि भारतीय गणितातील एका थोर ग्रंथाचा या प्रदेशाशी निकटचा संबंध आहे, आणि तो ग्रंथ एका जैन आचार्यांचा आहे.

राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी, असे म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे इतिहासकारांनी मानले आहे. पुढे त्यांची राजधानी मान्यखेट येथे, म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या आजच्या मळखेड येथे स्थिरावली. परंतु मूळ गावाचे नाव त्यांनी बिरुदातून कधी गाळले नाही. याच घराण्यातील अमोघवर्ष नृपतुंग याने इ. स. ८१४ ते ८७८ असे प्रदीर्घ राज्य केले. आदिपुराणकार आचार्य जिनसेन हे त्याचे गुरू. त्याच्याच कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला आणि ग्रंथारंभी या राजाचा गौरव केला. आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांनी गणित हे ज्योतिषग्रंथाचा एक भाग म्हणून मांडले होते. महावीराचार्यांचा ग्रंथ मात्र आरंभापासून अखेरपर्यंत गणितालाच वाहिलेला आहे.

लातूरकडे जाताना लोहा येथून वाट वाकडी केली, की कंधार लागते. मन्याड नदीच्या परिसरातील हे गाव राष्ट्रकूटांच्या काळी मोठे नगर होते. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या नावाशी येथील भुईकोट किल्ला जोडला जातो. पुढे अनेक मुसलमानी राजवटींनी त्यात भर घातली. किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे. गावात आणि किल्ल्यात जुन्या मूर्तींचे अवशेष आहेत व त्यांत जैन मूर्तीही आहेत. जवळच जगत्तुंग सागर हा प्राचीन तलाव आहे. ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूटांचे बिरुद. अमोघवर्षाचे पिता तिसरे गोविंद यांनीही ते धारण केले होते.

खंदक आणि तलाव पाहताना प्रवाशाच्या मनात सहसा येत नाही असा एक प्रश्न येथे विचारण्यासारखा आहे. इतकी माती खोदायची, तर ती मोजायची कशी? मजुरांची मजुरी खोदाईवर ठरणार. तलावाच्या कडा उतरत्या, तोंड रुंद, तळ अरुंद. अशा खड्ड्याचे घनफळ नुसत्या लांबी-रुंदी-खोलीच्या गुणाकाराने निघत नाही. ‘गणितसारसंग्रहा’तील खातव्यवहार हे प्रकरण नेमके याच कामाचे आहे.

महावीराचार्यांची रीत अशी. प्रथम तोंड आणि तळ यांच्या बाजूंची सरासरी घेऊन त्या मापाने घनफळ काढावे. हे ‘कर्मांतिक’ फल. नंतर तोंडाचे व तळाचे क्षेत्रफळ वेगवेगळे काढून त्यांची सरासरी घ्यावी आणि तिला खोलीने गुणावे. हे ‘औंड्र’ फल. पहिले फल खऱ्यापेक्षा कमी भरते, दुसरे जास्त. दोहोंतील अंतराचा तिसरा भाग पहिल्यात मिळवला, की सूक्ष्म, म्हणजे बिनचूक घनफळ मिळते.

उदाहरणासाठी तोंड ४ हात चौरस, तळ २ हात चौरस आणि खोली ६ हात घेऊ. बाजूंची सरासरी ३, तिचा वर्ग ९, म्हणून कर्मांतिक फल ५४. क्षेत्रफळे १६ आणि ४, त्यांची सरासरी १०, म्हणून औंड्र फल ६०. अंतर ६, त्याचा तिसरा भाग २. उत्तर ५६ घनहात.

हेच आकडे मुद्दाम घेण्यास कारण आहे. मॉस्को येथील संग्रहालयात इसवी सनापूर्वी सुमारे १८५० मधील एक इजिप्शियन पपायरस जपून ठेवला आहे. त्यात माथा कापलेल्या पिरॅमिडचे घनफळ विचारले आहे: तळ ४, माथा २, उंची ६. तेथील लेखनिकाने निराळ्या रीतीने काढलेले उत्तरही ५६ च आहे. भारतात इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी महावीराचार्यांच्या नियमासारखाच नियम दिला होता, आणि आज धरणाच्या वा कालव्याच्या मातीकामाचे मोजमाप करताना अभियंते जे सूत्र वापरतात, त्यात दोन्ही टोकांच्या क्षेत्रफळांत मधल्या छेदाच्या क्षेत्रफळाची चौपट मिळवून बेरजेला सहाने भागतात व लांबीने गुणतात. महावीराचार्यांचा नियम उलगडून पाहिला, तर तो हाच निघतो. नाईलकाठचा लेखनिक, मान्यखेटच्या राज्यातील आचार्य आणि पाटबंधारे खात्याचा अभियंता यांची भाषा निराळी, काळ निराळा. हिशेब मात्र एकच.

कंधारहून अहमदपूर, चाकूर करीत लातूरला आले, की शहराच्या मध्यभागी गंजगोलाई भेटते. १९१७ मध्ये उभारलेली ही वर्तुळाकार बाजारपेठ. मध्यभागी जगदंबेचे मंदिर आणि सभोवार फुटणारे सोळा रस्ते. वर्तुळाच्या परिघासाठी महावीराचार्यांनी दोन मापे सांगितली आहेत. व्यवहारात व्यासाची तिप्पट घ्यावी. सूक्ष्म माप हवे तर व्यासाला १० च्या वर्गमुळाने गुणावे. हे दुसरे माप जैन आगमपरंपरेत फार पूर्वीपासून चालत आलेले. १०० हात व्यासाच्या वर्तुळाचा परीघ पहिल्या रीतीने ३०० हात, दुसऱ्या रीतीने ३१६ हातांहून किंचित अधिक आणि आजच्या गणिताने ३१४ हातांच्या जवळ येतो. बाजारातल्या माणसाला कोठे ढोबळ आकडा पुरतो आणि कोठे नाही, याचे भान आचार्यांना होते.

बाजारपेठेत या ग्रंथातील मिश्रकव्यवहार हे प्रकरण विशेष आठवावे. त्यात व्याजाचे, भागीदारीतील वाटणीचे आणि मिश्र रकमांचे नाना प्रश्न आहेत. त्याच धाटणीचा एक प्रश्न असा: दरमहा शेकडा २ व्याजाने दिलेली रक्कम १२ महिन्यांनी व्याजासह १२४० झाली, तर मुद्दल किती? १०० चे वर्षात १२४ होतात, म्हणून मुद्दल १०००. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या आचार्यांनी व्याजाचे हिशेब इतक्या बारकाईने का शिकवावेत, असे एखाद्यास वाटेल. त्याचे उत्तर श्रावकाच्या अचौर्यव्रतात आहे. ज्याला हिशेब येत नाही, तो दुसऱ्याला नकळत लुबाडतो किंवा स्वतः लुबाडला जातो.

ग्रंथात निखळ आनंदासाठी केलेले गणितही आहे. सहा रसांची किती मिश्रणे होतील, अशा प्रश्नांसाठी आचार्यांनी सर्वसामान्य नियम दिला. सहा रसांसाठी उत्तर ६३ येते. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले, की १२३४५६५४३२१ ही दोन्हीकडून सारखी वाचता येणारी संख्या मिळते. अशा गुणाकारांना त्यांनी कंठातील हारांची उपमा दिली. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र पुढे टिकले नाही. ते येथे सांगितल्याने त्यांच्या थोरवीस बाध येत नाही. सम्यक् ज्ञानाला खोट्या गौरवाची गरज नसते.

पावुलूरी मल्लन याने हा ग्रंथ तेलुगूत नेला. १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह तो मद्रास येथे प्रसिद्ध केला. १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह त्याची आवृत्ती निघाली, ती लातूरच्या शेजारच्या सोलापुरातून, जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत.

आज लातूरचे नाव परीक्षांतील यशामुळे, ‘लातूर पॅटर्न’मुळे, दूरवर पोहोचले आहे. नांदेडमध्येही खेड्यापाड्यांतून आलेली मुले खोल्या घेऊन राहतात आणि रात्री उशिरापर्यंत गणिते सोडवतात. त्यांतील अनेकांच्या मनात गणिताविषयी धाक आहे. एका चुकलेल्या उत्तराने वर्ष हातचे जाईल, ही भीती आहे. गणित हा आपल्याच मातीतला, तलावाचा आणि बाजाराचा विषय आहे, हे त्यांना क्वचितच कोणी सांगितलेले असते.

आणि तलावाचा प्रश्न येथे जुना झालेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ते साठवायला १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर खोल एवढा एकच खड्डा पुरला असता! एवढ्याशा पाण्यासाठी शहर रुळांकडे डोळे लावून बसले होते. जुने तलाव गाळाने किती भरले आणि किती माती काढली म्हणजे किती पाणी साठेल, हा हिशेब शाळकरी मुलालाही खातव्यवहाराच्या नियमाने करता येण्याजोगा आहे.

मंदिरांतील पाठशाळांनी सुट्टीच्या दिवसांत मुलांना दोरी आणि टेप देऊन जवळच्या एखाद्या तलावावर, बारवेवर न्यावे. तोंड मोजावे, तळाचा अंदाज घ्यावा, दोन्ही फले काढावीत आणि अंतराचा तिसरा भाग मिळवावा. उत्तर आले, की ही रीत ज्यांनी लिहून ठेवली, त्या महावीराचार्यांचे नाव मुलांना सांगावे.